डिसेंबरात पास, मार्चमध्ये नापास: प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून तपासल्याचा अनुभव

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, नागपुरात, घरातल्याच मागच्या खोलीत. मशीन २०१८ सालचं आहे: इंटेलचा आय७-८७००के प्रोसेसर, झेड३७० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम. शेवटची फाइल मी ग्राफिक्स कार्डावर न काढता प्रोसेसरवरच एक्स२६५ने (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामने) काढते, कारण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये शालूची जर आणि उडणाऱ्या अक्षता तिथे जास्त स्वच्छ उतरतात. पण वेळ फार जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नानंतर कामं एकदम अंगावर आली आणि रोज रात्री टक्क्यांचा आकडा सरकताना बघत बसणं नकोसं झालं. नव्या मशीनचं कोटेशन काढलं, तर १ लाख १८ हजार. तेवढे पैसे हाताशी नव्हते. प्रोसेसरच्या नावातला 'के' म्हणजे त्याचा मल्टिप्लायर (मूळ १०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) खुला असतो, वेग आपल्या हाताने वाढवता येतो, म्हणजेच ओव्हरक्लॉक करता येतं, हे सहा वर्षं माहीत होतं. ७ डिसेंबर २०२४ ला, शनिवारी, ते करायचं ठरवलं.

वेग कसा वाढवायचा हे सांगणारे खूप भेटतात. वाढवलेला वेग टिकतोय की नाही हे कसं ओळखायचं, किती तास बसायचं, कुठला आकडा बघायचा, हे मला नीट कुणी सांगितलं नाही. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी बिलांची फाइल काढली. बॉक्ससकट घेतलेल्या प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांची, ती २०२१ मध्येच संपली होती. मदरबोर्डचीही संपलेली. तुमची चालू असेल तर ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही, हे धरूनच पुढे जा. दुसरं काम बॅकअपचं. ग्राहकांचं फुटेज असलेली डिस्क मी तपासणीच्या काळात केबल काढून बाजूला ठेवली. हे मी पहिल्या दिवशी केलं आणि त्याचा फायदा झाला. जानेवारीत ती परत जोडायची मात्र घाई केली, ते पुढे येईलच.

८ तारखेला पायाभूत मोजणी केली, म्हणजे काहीही न बदलता मशीन आज कसं चालतंय ते पाहिलं. इथेच एक गोष्ट कळली. झेड३७० च्या बऱ्याच बोर्डांवर 'मल्टिकोअर एन्हान्समेंट' नावाची सोय असते. ती चालू असेल तर सगळे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) गुपचूप ४.७ गिगाहर्ट्झवर पळतात. इंटेलच्या हिशेबाने सहाही कोअर एकदम कामाला लागले की वेग ४.३ असतो. ती सोय बंद केल्याशिवाय केलेली मोजणी काही कामाची नाही. बंद केली, बारा मिनिटांच्या एका ठरावीक क्लिपची एक्स२६५ फाइल काढली: ५२ मिनिटं. प्राइम९५ वर (प्रोसेसरची परीक्षा घेणारा प्रोग्राम, त्याबद्दल पुढे) अर्धा तास: प्रोसेसर ९१ अंश. खोलीत २१ अंश. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे थ्रॉटल होतो. थोडक्यात, वेग न वाढवताच मशीन काठावर होतं. प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकपर्यंत पोचवणारी सहा वर्षांपूर्वीची पेस्ट वाळून कोळ झाली होती.

सोमवारी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले. पेस्ट ६५० रुपये, आयसोप्रोपिल अल्कोहोल १८०, कॅबिनेटचा एक पंखा ५५०. दुकानदार ओळखीचे आहेत. कशासाठी नेताय विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "ताई, डिसेंबरात तर कोणाचाही पीसी थंड रायते. मे महिन्यात येऊन सांगजा." मी हो म्हणून निघाले. ते वाक्य तेव्हा कानावरून गेलं.

हीटसिंक ऑनलाइन मागवला, दोन पंख्यांचा, ३,४५० रुपये. (नागपुरात कूलर म्हटलं की खिडकीतला वाळ्याचा, म्हणून मी प्रोसेसरवरच्याला हीटसिंकच म्हणते.) १४ डिसेंबरला आला, आणि खोक्यात इंटेलच्या बोर्डाला लागणारी स्क्रूची पुडी नव्हती. विक्रेत्याकडे तक्रार नोंदवली. त्यांनी बिलाची प्रत, खोक्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओ माझ्याकडे होता, कारण हातात कॅमेरा असण्याची सवयच आहे. तरी "तपासणी सुरू आहे" असे दोन मेल आणि नऊ दिवस गेले. पुडी २३ तारखेला आली. खोकं उघडताना फोन समोर उभा करून ठेवाच.

नाताळच्या सुट्टीत हीटसिंक बसवला. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसायला वीस मिनिटं लागली, शेवटचा कापूस पांढराच निघेपर्यंत. नवी पेस्ट मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी, आणि स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळले. त्याच ४.३ वर, त्याच २१ अंशांच्या खोलीत प्राइम९५ ला आता ७४ अंश. सतरा अंशांचा फरक, तोही वेगाला हात न लावता. ज्यांना ओव्हरक्लॉक करायचं नाही त्यांनीही एवढं तरी करावं असं मला मनापासून वाटतं.

आता प्राइम९५ बद्दल, कारण सगळी तपासणी त्याच्यावरच उभी आहे. हा प्रोग्राम मुळात मर्सेन मूळ संख्या (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या) शोधण्यासाठी आहे. १९९६ पासून जगभरातले लोक आपापली मशीन त्या शोधाला लावतात. मी हे सगळं सुरू केलं त्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्यांना बावन्नावी मर्सेन मूळ संख्या सापडली, ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची. एवढ्या आकडेमोडीत एक अंक चुकला तर सगळं वाया, म्हणून त्यांनी मशीनची परीक्षा घेणारा 'टॉर्चर टेस्ट' त्यातच ठेवला. तो प्रोसेसरकडून अशी गणितं करून घेतो ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत, आणि ताडून बघतो. काम बारा समांतर हिश्श्यांत वाटलेलं असतं, एकेक हिस्सा म्हणजे एक 'वर्कर'. चुकलं की तो वर्कर तिथेच थांबतो. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष याच प्रोग्रामच्या गणितातून उघड झाला आणि बायोस (मदरबोर्डमधला मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट करून दुरुस्त करावा लागला. मला यातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते: तो मशीन बंद पडण्याची वाट बघत नाही, चुकीचं उत्तर पकडतो.

'स्मॉल एफएफटी' हा प्रकार प्रोसेसरला सगळ्यात जास्त तापवतो, 'ब्लेंड' रॅमलाही कामाला लावतो. एव्हीएक्स सूचना (एका फटक्यात बरीच गणितं करणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा) बंद करायच्या खुणा त्याच खिडकीत आहेत. बरेच जण एव्हीएक्स बंद करून टेस्ट घेतात, तापमान कमी दिसतं, समाधान होतं. बायोसमध्येही 'एव्हीएक्स ऑफसेट' असतो, त्या सूचना आल्या की वेग आपोआप खाली येतो. पण एक्स२६५ स्वतः एव्हीएक्स२ भरपूर वापरतो. म्हणजे ऑफसेट ठेवला तर माझ्या खऱ्या कामाला तो वाढीव वेग मिळणारच नव्हता. मी ऑफसेट शून्य ठेवला आणि एव्हीएक्स चालू ठेवूनच टेस्ट घेतली. तुमचं काम एव्हीएक्स वापरत नसेल तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो.

२६ डिसेंबरला थेट ५.० वर गेले, मल्टिप्लायर ५०. व्होल्टेज 'ऑटो' वर ठेवू नका, बोर्ड गरजेपेक्षा बरंच जास्त देतो. मी १.३० पासून सुरुवात केली. विंडोज उघडलं, चार मिनिटांनी निळी स्क्रीन: 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट'. पोटात गोळा आला. मशीन परत चालू होईपर्यंतचे ते वीस सेकंद मी श्वास रोखून उभी होते. १.३५ ला निळी स्क्रीन गेली, पण स्मॉल एफएफटी लावल्यावर दोन मिनिटांत १०० अंश आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, व्होल्टेज दाखवणारा प्रोग्राम) थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत 'येस'.

त्या रात्री कागदावर हिशेब मांडला, तो आधीच मांडायला हवा होता. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. माझा मूळ आकडा ४.३ ला लोडखाली १.२० व्होल्ट. ५.० ला १.३५ म्हणजे वेग १६ टक्के जास्त, उष्णता ४७ टक्के जास्त. ४.८ ला १.२६ दिले तर वेग साडेअकरा टक्के जास्त आणि उष्णता २३ टक्के. त्यात या प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली इंटेलने सोल्डर नाही, पेस्ट वापरली आहे. झाकण काढून ती बदलणारे लोक आहेत, पण पोटापाण्याच्या मशीनवर मला ते करायचं नव्हतं. पाचाचा आकडा तिथेच सोडला.

पुढचे दहा दिवस रोज रात्री एक पायरी. ४.९ ला १.३०: ९२ अंश, आणि १ तास ४० मिनिटांनी चौथा वर्कर थांबला. ओळ आली: 'राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी'. मशीन मात्र मस्त चालू, माउस हलतोय, गाणं वाजतंय. टेस्ट लावली नसती तर कळलंही नसतं. ४.८ ला १.२५: सहा तास ठीक, आठव्या तासाला चूक. ४.८ ला १.२६: ८७ अंश, प्रोसेसरचा खप मूळच्या ११८ वॉटवरून १४६ वॉट. कागदावरच्या २३ टक्क्यांशी जवळपास जुळलं, तेव्हा बरं वाटलं.

व्होल्टेजबद्दल एक सांगते. बायोसमध्ये भरलेला आकडा आणि लोडखाली मिळणारा आकडा एक नसतो, काम वाढलं की व्होल्टेज थोडं खचतं. ते सावरायला 'लोडलाइन कॅलिब्रेशन' असतं, आणि त्याच्या पायऱ्यांचे क्रमांक प्रत्येक कंपनीचे उलटसुलट असतात. कुणाची १ सगळ्यात कडक, कुणाची ८. मधली पायरी घ्या आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये लोड असतानाचं व्होल्टेज वाचा. माझ्याकडे १.२८ भरल्यावर १.२६ मिळत होतं. आणि चुकीच्या आकड्याने मशीन उघडलंच नाही तर घाबरू नका. प्लग काढून बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवली की बायोस मूळपदावर येतं. मला दोनदा करावं लागलं.

११ जानेवारीला, शनिवारी रात्री, बारा तासांची टेस्ट लावली. नवव्या तासाला लाइट गेली आणि यूपीएसने एवढ्या लोडला तीन मिनिटांत मान टाकली. रविवारी रात्री पुन्हा पहिल्यापासून. मागच्या खोलीत पंख्यांचा एकसुरी आवाज, आई मधेच उठून विचारून गेली, "अगं, काही जळत तर नाही ना?" सोमवारी सकाळी साडेनवाला बाराच्या बारा वर्कर चालू, चूक शून्य. माझी ५२ मिनिटांची क्लिप साडेशेहेचाळीसवर आली. आनंदात मी त्याच दिवशी रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) चालू केलं आणि फुटेजची डिस्क जोडली. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम मी तिथे मोडला, आणि नंतर शोध घेताना त्याने माझे दोन दिवस खाल्ले.

फेब्रुवारी छान गेला.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, १५ मार्चला, एका लग्नाचं १८० जीबी फुटेज सेव्हन-झिपमध्ये (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम) बांधलं आणि सवयीप्रमाणे 'टेस्ट' दाबलं. दोन फाइलींपुढे 'सीआरसी फेल्ड', म्हणजे बांधलेला मजकूर मूळ फाइलीशी जुळत नाही. पुन्हा बांधलं, पुन्हा टेस्ट: या वेळी एकच फाइल, आणि तीही वेगळी. मूळ फुटेज डिस्कवर होतं म्हणून ठीक, पण हात गार पडले. मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं, निळी स्क्रीन नाही, काही नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम उघडलं, तर 'व्हीया-लॉगर'च्या १९ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे हार्डवेअरची चूक झाली आणि सावरली गेली. पहिली नोंद ४ मार्चची. हा लॉग दर आठवड्याला बघायचा असतो हे मला तेव्हा समजलं.

रॅमवर संशय होता. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) घेऊन रात्रभर चार फेऱ्या केल्या: शून्य चुका. डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतः ठेवते ती तब्येतीची नोंद) स्वच्छ. सगळं मूळ वेगावर आणून तेच फुटेज तीनदा बांधलं: तिन्ही वेळा बरोबर. मग १७ तारखेला ४.८ परत लावून प्राइम९५ चालू केलं. पन्नासाव्या मिनिटाला तिसरा वर्कर थांबला. तापमान ९७. जानेवारीत हाच आकडा, हेच व्होल्टेज, बारा तास.

बदललं होतं फक्त खोलीतलं तापमान. ३८० रुपयांचं एक साधं थर्मामीटर मी डिसेंबरात टेबलावर ठेवलं होतं, त्यात आता ३१ दिसत होते. हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो, माझा ४.८ ला ६६ अंशांनी वर. २१ ची ३१ झाली की ८७ चे ९७ होणारच. आणि तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. ते दिलं की आणखी तापते. जानेवारीत मी १.२५ ला नापास आणि १.२६ ला पास झाले म्हणजे माझ्याकडे शंभरांश व्होल्टचीसुद्धा सूट नव्हती. टेस्ट खरी होती, पण ती जानेवारीच्या खोलीपुरती.

पुढचे चार दिवस मी जानेवारीपासून दिलेल्या अकरा लग्नांच्या फाइली पुन्हा पाहिल्या. एकीत मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या डाव्या कडेला हिरव्या चौकोनांची एक पट्टी होती, एका फ्रेमपुरती, सेकंदाचा पंचविसावा भाग. मूळ फुटेज स्वच्छ होतं. त्या घरी फोन केला, फाइल नव्याने काढून पाठवली. त्यांना दिसलंही नव्हतं. पण लग्न परत लागत नाही, आणि ती फ्रेम त्यांच्याकडे तशीच कायमची राहिली असती, हे मला अजून टोचतं.

मग उलट्या दिशेने निघाले: खोली तापलेली असतानाच तपासायचं. ४.७ ला १.२३ ठेवून मार्चमध्ये बारा तास पास, ९२ अंश. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी खोलीत ३६ होते तेव्हा तेही नको वाटलं, म्हणून ४.५ ला १.१९. या वेळी टेस्ट मुद्दाम सकाळी दहाला लावली, भर दुपारभर चालवली, रात्री दहाला थांबवली. सर्वांत जास्त ९१. खिडकीतला कूलर लावला तर खोली चार-पाच अंशांनी उतरते, पण टेस्टच्या दिवशी मी तो बंद ठेवला, कारण लाइट गेल्यावर तोही बंदच असणार. पास झाल्यावर १.१९ चे १.२० केले. ही वरची भर पास झाल्यावर घालायची असते, ४.७ लाही मग १.२४ केलं. त्यानंतर ब्लेंड सहा तास, एक्सएमपी चालू ठेवून पुन्हा मेमटेस्ट, आणि शेवटी खरं काम: तेच १८० जीबी तीनदा बांधून तीनदा तपासणं. सगळं बरोबर.

बायोसमध्ये आता दोन प्रोफाइल जतन आहेत. दिवाळी ते होळी ४.७, होळी ते दिवाळी ४.५. क्लिप हिवाळ्यात साडेसत्तेचाळीस मिनिटं, उन्हाळ्यात जवळपास पन्नास. म्हणजे उन्हाळ्यात ५२ मधली दोनच मिनिटं वाचतात, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. एवढ्यासाठी इतक्या रात्री घालाव्यात का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला जुन्या पेस्टची ९१ अंशांवरची घुसमट मिटली, आणि मशीनवर आता डोळे मिटून नाही, तपासून विश्वास आहे, म्हणून ते पटलं.

मे महिन्यात दुसरा पंखा घ्यायला बर्डीत गेले, ५५० रुपये. त्याच्यासकट एकूण खर्च ५,७६० रुपये झाला, विजेचं बिल सोडून. दुकानदारांना मी सांगितलं की बारा तासांत ९१ च्या वर गेला नाही. त्यांनी पावती लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, "आन् ताई, खोलीत किती होते?"

"छत्तीस," मी म्हटलं. "कूलर बंद ठेवून."

"मंग बरोबर," ते म्हणाले, आणि पंखा पिशवीत घातला.